फोनच्या अंगच्याच माइकवर गाणं रेकॉर्ड करायचंय: ओव्या, गवळणी, भजनं (नाशिक)

गोदातीर
शनिवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी,

आमच्या पंचवटीतल्या महिला भजनी मंडळात सत्तरी ओलांडलेल्या काही मावश्या-आज्या आहेत. एक दिंडोरीकडची, एक सिन्नरची, एक पेठ तालुक्यातून लग्न होऊन आलेली. त्यांच्याजवळ जात्यावरच्या ओव्या, पाळणे, गवळणी असं भरपूर काही आहे. शब्द एखाद्या वेळी छापील संग्रहात सापडतीलही, पण चाल कुठून आणणार? त्या गाताहेत तोवर हे सगळं नीट रेकॉर्ड करून ठेवायचं मी मनावर घेतलंय.

स्टुडिओत न्यायचा विचार झाला. पण कानाला हेडफोन, तोंडासमोर टांगलेला माइक आणि काचेपलीकडे अनोळखी माणूस असला की या बायकांचा गळा मोकळा होत नाही. फोन रोजच्या हातातला, त्याचं त्यांना काही वाटत नाही. म्हणून ठरवलंय की फोनचा स्वतःचा माइक तेवढा वापरायचा आणि त्यातूनच होईल तितका चांगला आवाज मिळवायचा.

सध्या असं करते: फोन एअरप्लेन मोडवर, पंखा बंद, चार्जिंगच्या खाचेजवळचं बारीक भोक गाणारीच्या तोंडाकडे, अंतर वीत-दीड वीत. कव्हर काढून ठेवते, कारण त्याची कड त्या भोकावर येते आणि आवाज दबतो. एवढ्यावर शब्द स्पष्ट येतात, आवाज कोणाचा ते ओळखू येतं.

अडतं ते पुढे. आवाज आपोआप वर-खाली होतो. ओवी संपवून आजी श्वास घेतात तेवढ्यात मागची सरसर वर येते आणि पुढच्या ओवीचा पहिला शब्द एकदम अंगावर येतो. आऽऽ असा लांब आकार धरला की तो मध्येच पातळ होत जातो. वरच्या षड्जाला आवाज फाटतो. आणि आमच्या हॉलमध्ये सगळं घुमतं ते वेगळंच.

फोन मध्यम किमतीचा अँड्रॉइड आहे. बाहेरचा माइक घ्यायला माझा विरोध नाही, पण आधी हातात आहे त्यातून काय निघतं ते समजून घ्यायचंय.

---

मखमलाबादी
शनिवार, रात्री १०:४०

धागा फार चांगला काढलात ताई. घुमण्याचं आधी बघा. हॉलमधून उठा आणि झोपायच्या खोलीत बसा. गादी, उशा, कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट, हे सगळं आवाज पितं. कुठे बसायचं ते ठरवायला प्रत्येक खोलीत एक जोरात टाळी वाजवा. टाळीमागून टर्रर्र असं काही ऐकू आलं तर ती खोली सोडा.

---

ध्वनिवाट
रविवार, सकाळी ७:५५

मी हौशी नाटकांचं ध्वनिसंयोजन करतो. फोनवर आवाज टिपायची वेळ माझ्यावर बऱ्याचदा येते, म्हणून सविस्तर लिहितो.

ताईंनी लिहिलेल्या पहिल्या दोन अडचणींचा दोष माइककडे जात नाही. तो फोनमधल्या सॉफ्टवेअरकडे जातो. फोन मुळात बोलण्यासाठी बनवलेला. बोलणारा कधी तोंडाजवळ धरतो, कधी लांब, कधी बाजारातून बोलतो. म्हणून माइकमधून आलेल्या आवाजावर फोन परस्पर दोन कामं करतो. पहिलं, हळू आवाज आला की तो वाढवायचा, मोठा आला की दाबायचा. याला ऑटो गेन म्हणतात. आजी श्वासाला थांबल्या की फोनला वाटतं आवाज कमी झाला, मग तो सगळंच वाढवतो. खोलीतली सरसर वर येते ती यामुळे. पुढचा शब्द त्याच वाढवलेल्या पातळीवर येऊन आदळतो आणि मग फोन घाईघाईने खाली उतरतो.

दुसरं काम म्हणजे गोंगाट कमी करणं, नॉइज सप्रेशन. त्याची गोंगाट ओळखायची रीत अशी, की जे एकसारखं चालू राहतं आणि बदलत नाही तो गोंगाट. पंख्याची घरघर, गाडीचं इंजिन. बोलणं सतत बदलतं, म्हणून ते ठेवायचं. आता आपल्या गाण्यात बघा. एकसारखं चालू राहणारं काय असतं? तंबोरा. पेटीचा धरलेला सूर. आणि गळ्यातून लावलेला स्थिर आकार. जो सूर जितका निश्चल लागेल तितका फोनला तो गोंगाटासारखा वाटतो आणि तो त्याला कापत जातो. तुमच्या आजींचा आकार पातळ होतो याचा अर्थ त्यांचा सूर पक्का आहे.

उपाय आहे. फोनसोबत आलेलं साधं रेकॉर्डर ॲप बाजूला ठेवा आणि माइक निवडू देणारं ॲप घ्या. इझी व्हॉइस रेकॉर्डरसारख्या ॲपच्या सेटिंगमध्ये ऑटो गेन आणि नॉइज सप्रेशन बंद करता येतं. अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, फोनमधला आवाज कसलीही प्रक्रिया न करता ॲपला देण्याची सोय आहे. तिचं नाव 'अनप्रोसेस्ड'. प्रत्येक फोनमध्ये ती असतेच असं नाही. नसेल तर 'व्हॉइस रेकग्निशन' निवडा. यंत्राला बोलणं ओळखता यावं म्हणून त्या वाटेवर ऑटो गेन आणि नॉइज सप्रेशन दोन्ही बंद ठेवावं असा अँड्रॉइडचा नियम आहे, आणि गाण्याला तेच हवं असतं.

'सायलेन्स स्किप' किंवा शांतता गाळण्याचं बटण असेल तर तेही बंद करा. दोन ओव्यांमधला श्वास गाण्याचाच भाग आहे.

फॉरमॅट वेव्ह, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो. मिनिटाला पावणेसहा एमबीच्या आसपास जागा लागते, म्हणजे तासाभराचं गाणं साधारण ३५० एमबीत मावतं.

---

सिडकोचा_सूर
रविवार, सकाळी ९:१०

आयफोनवाल्यांनी काय करायचं?

---

ध्वनिवाट
रविवार, सकाळी ९:३०

आयफोनसोबत येणाऱ्या व्हॉइस मेमोज ॲपच्या सेटिंगमध्ये ऑडिओ क्वालिटी 'लॉसलेस' करा, मुळात ती 'कम्प्रेस्ड' असते. ॲपमधलं 'एनहान्स' बटण मूळ प्रतीला लावू नका. त्याच्या पुढचं हवं असेल तर ॲपलचं गॅरेजबँड हे रेकॉर्डिंगचं ॲप फुकट आहे.

---

लॅमरोड
रविवार, दुपारी १२:०५

देवळालीकडे राहतो. इथे तोफखान्याचा सराव असला की लांबवर धमक बसते. कानाला ती फारशी जाणवत नाही, पण रेकॉर्डिंगमध्ये खालच्या सुरात येते. तिकडे ओझरला विमानं उडतात. पंचवटीत तर घंटा, आरत्या, लाउडस्पीकर. नाशिकमध्ये शांत वेळ शोधावीच लागते.

माझ्या मते दुपारी दोन ते चार सगळ्यात बरी. रात्री उशिरा शांतता असते, पण म्हाताऱ्या माणसांचा गळा तेव्हा थकलेला असतो. आणि शक्य असेल तर हे काम थंडीत करा. मार्गशीर्ष-पौषात आपल्याकडे पंखा लागत नाही, खिडक्या लावून घेतल्या तरी जीव घाबरत नाही. पंख्याशिवाय मिळणाऱ्या तासांसाठी नाशिकची थंडी वरदान आहे.

फ्रिज, इन्व्हर्टर, जुन्या ट्यूबलाइटची चोक हेही तपासा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून चोकचा गुणगुणाट त्याच्या दुप्पट, १०० हर्ट्झला येतो. पुरुष गायकाच्या मंद्र पंचमाच्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या 'प'च्या, अगदी शेजारी.

---

अंबडलिंकरोड
रविवार, दुपारी ३:२०

एवढं सगळं करण्यापेक्षा कॉलरला लावायचा छोटा माइक घ्या ना ताई. आता स्वस्तात मिळतात. कीर्तनकार बुवाही तेच लावतात. फोनमधला माइक शेवटी फोनमधलाच.

---

पाटी_पेन्सिल
रविवार, सायंकाळी ६:४५

मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे हे वाचून राहवलं नाही.

अंबडलिंकरोड, फोनमधल्या माइकला इतकं कमी लेखू नका. तो सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेला असतो, त्याला मेम्स माइक म्हणतात. चांगल्या मेम्स माइकचं सिग्नल आणि सरसर यांतलं अंतर ६५ डेसिबलच्या आसपास असतं. ते ९४ डेसिबलच्या प्रमाण आवाजावर मोजतात, म्हणजे माइकची स्वतःची सरसर २९ डेसिबलच्या जवळ येते. रात्रीच्या शांत खोलीतला आवाज साधारण तेवढाच. पंखा लावलेली खोली त्याच्या कितीतरी वर. तर माइकच्या मर्यादेपर्यंत आपण पोचतच नाही, खोलीच आधी आडवी येते. कॉलरचे माइकही बहुतेक असेच चहूबाजूंनी ऐकणारे असतात. खोली घुमत असेल तर तेही घुमणंच टिपतील. त्यांचा खरा फायदा एकच, ते तोंडाजवळ राहतात. ते अंतर फोनलाही देता येतं.

अंतराचं गणित सोपं आहे. अंतर निम्मं केलं की तोंडातून थेट येणारा आवाज ६ डेसिबलनं वाढतो. खोलीत घुमणारा मात्र आहे तेवढाच राहतो. ताई, दोन वितींवरून एका वितीवर आलात की घुमणं निम्म्यावर आल्यासारखं वाटेल. कुठलंही सॉफ्टवेअर हे नंतर करून देत नाही.

मंचावरचे माइक एकाच दिशेने ऐकतात. त्यांच्याजवळ गेलं की खालचे सूर फुगतात, आवाज जाड होतो. फोनचा माइक चहूबाजूंनी ऐकणारा असल्याने त्यात ही फुगवट नाही. म्हणून तो बिनदिक्कत जवळ आणता येतो. त्रास होतो तो हवेचा. प, फ, ब, भ, ख, थ म्हणताना तोंडातून वाऱ्याचा झोत निघतो आणि भोकावर आदळला की भप्प असा आवाज येतो. पांडुरंग, भक्ती, फुगडी, आपल्या गाण्यांत ही अक्षरं पावलोपावली. फोन तोंडासमोर धरण्याऐवजी तोंडाच्या कोपऱ्याच्या बाजूला, थोडा खाली ठेवा. झोत बाजूने निघून जातो, आवाज पोचतो.

आणखी एक, याकडे फारसं कोणी बघत नाही. फोन टेबलावर पुस्तकांच्या चळतीवर उभा केला तर तोंडातून थेट येणारा आवाज आधी पोचतो आणि टेबलावर आपटून येणारा थोडा उशिरा. दोन्ही मिसळतात. आपटून येणारी वाट ३४ सेंटिमीटरने लांब असेल तर तो आवाज एक हजारांश सेकंद मागे राहतो, आणि ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा जागी दोघे एकमेकांना खोडतात. आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा लागतो तो यामुळे. उपाय दोन. एक तर टेबलावर जाड गोधडी टाका. नाहीतर फोन सरळ टेबलावर आडवाच ठेवा. भोक पृष्ठभागाला लागून असलं की दोन्ही आवाज जवळजवळ एकाच क्षणी पोचतात आणि खोडाखोड उरत नाही. अधांतरी, उघड्या टेबलावर, ही जागा सगळ्यात वाईट.

---

अंबडलिंकरोड
रविवार, रात्री ८:१५

अंतराचा मुद्दा पटला. पण गाणारी व्यक्ती हलते, मान वळवते. कॉलरचा माइक तिच्यासोबत हलतो, फोन नाही. म्हाताऱ्या माणसाला एका जागी बसवून ठेवणं बरोबर वाटत नाही, म्हणून माझं मत कायम आहे.

---

काळी_चार
रविवार, रात्री ९:००

गाणं शिकवते, म्हणून गाणाऱ्याच्या बाजूने लिहिते.

हलण्याची भीती बाळगू नका, हलणं कामाला येतं. १९०२ मध्ये कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीने हिंदुस्थानी गायकांची ध्वनिमुद्रणं सुरू केली तेव्हा विजेचा माइक नव्हताच. गायक कर्ण्यात तोंड घालून गायचा. हळू सुराला पुढे सरकायचं आणि तार सप्तकात मागे व्हायचं, हीच त्या काळची लेव्हल. विजेवरचं ध्वनिमुद्रण १९२५ नंतर आलं. तोवर सगळ्या मोठ्या गवयांनी हे शरीराने केलं.

वरच्या षड्जाला आवाज फाटतो त्यावर हाच उपाय. ऑटो गेन बंद केल्यावर हे जास्तच लागेल, कारण आता मोठा आवाज दाबणारं कोणी नाही. सुरुवातीला आजींना त्यांची सगळ्यात उंच ओळ पूर्ण जोरात म्हणायला लावा आणि ॲपमधला आवाजाची पातळी दाखवणारा काटा बघा. तो उणे ६ डेसिबलच्या खाली राहिला पाहिजे. शून्याला लागला की आवाज फाटला, आणि फाटलेला आवाज नंतर कशानेही सांधत नाही. काटा वर जात असेल तर गेन, म्हणजे ॲप आवाज किती वाढवतं ते, कमी करा किंवा फोन आणखी अर्धी वीत मागे घ्या. नेहमीचं गाणं उणे १२ च्या आसपास खेळत राहिलं तर उत्तम. हळू आलेला आवाज वाढवता येतो.

आजींना "जोर कमी करा" असं मात्र कधीच सांगू नका. जोर कमी केला की सूर उतरतो आणि चालीतली ठसक जाते. फोन मागे सरकवा, त्यांना तशाच राहू द्या.

पट्टीही, म्हणजे षड्ज पेटीच्या कोणत्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर लागतो ते, लिहून ठेवा. बायका बहुधा पांढरी पाच ते काळी पाच यांत गातात, म्हाताऱ्या गळ्याचा षड्ज त्याच्याही खाली जातो. पुढे कोणी शिकायला बसलं तर त्याला ती उपयोगी पडेल.

---

टाळकरी
सोमवार, सकाळी ६:३०

मंडळाचं एकत्र भजन घेणार असाल तर माझं ऐका. टाळ. टाळांची किणकिण फोनला सगळ्यात जास्त लागते. कानाला गोड वाटते, पण काटा शून्यावर तीच नेते. चहूबाजूंनी ऐकणाऱ्या माइकपासून टाळ वळवून काही होत नाही, लांब नेणं हाच मार्ग.

आम्ही अर्धगोल करतो. मध्ये फोन, साधारण बसल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर. सर्वांत जवळ मुख्य गाणारी. तिच्या दोन्ही बाजूंना थोडं मागे, मागून ओळ धरणाऱ्या बायका. पेटी त्यांच्या मागे आणि भात्याची बाजू फोनपासून फिरवलेली, नाहीतर भात्याचा श्वास गाण्यात येतो. पखवाज आणखी मागे. टाळ सगळ्यांच्या मागे भिंतीपाशी, आणि भिंतीवर काहीतरी जाड टांगलेलं. नंतर एकेकाचा आवाज वेगळा वाढवता येत नाही, म्हणून जे काय जुळवायचं ते बसण्यातच जुळवायचं.

एक कडवं घ्या, ऐका, माणसं सरकवा, पुन्हा घ्या. घाई करू नका.

---

पिंपळपार
सोमवार, दुपारी १:५०

जुन्या नाशकातल्या वाड्यात वाढलेलो. माती-विटांच्या जाड भिंती, लाकडी माळवद, शेणाने सारवलेली जमीन. तिथे बोललेलं घुमत नाही. फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्स आणि सिमेंटच्या भिंतींत ते नाही. तुमच्यापैकी कोणाच्या ओळखीत असा वाडा अजून उभा असेल, माजघर रिकामं असेल, तर तिथेच बसा. पैसे खर्चूनही अशी खोली नव्याने मिळत नाही.

---

गोदातीर
सोमवार, रात्री ९:३५

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी दिंडोरीच्या आजींकडे बसले होते. ॲप बदललं. माझ्या फोनमध्ये 'अनप्रोसेस्ड' नाही, पण 'व्हॉइस रेकग्निशन' आहे. फरक पहिल्याच ओवीला कळला. आकार शेवटपर्यंत भरलेला राहिला. दोन ओव्यांमध्ये सरसर वर येत नाही. एकूण आवाज हळू वाटतो, पण काळी_चार यांनी लिहिल्याप्रमाणे तो वाढवला की स्वच्छ निघतो.

आजी जमिनीवर बसून गातात, खाली शहाबादी फरशी. त्यावर सतरंजी आणि चौपदरी गोधडी टाकली, एक गोधडी त्यांच्या पाठीमागे दोरीवर आणि एक फोनच्या मागे. घुमणं बरंच गेलं.

आता नवा प्रश्न. त्या म्हणतात जात्यावर बसल्याशिवाय ओवी नीट येत नाही. जातं घरात आहे. पण जातं फिरलं की त्याची घरघर जमिनीतून फोनला पोचते आणि ओवी बुडते. जातं काढून टाकायची माझी इच्छा नाही, त्याच्या फेऱ्यावरच ओवीची लय आहे. आणि भजनाच्या वेळी तंबोरा ॲपवर लावायचा असेल तर तो कसा, म्हणजे गाणारीला ऐकू येईल पण रेकॉर्डिंगवर चढणार नाही?

---

पाटी_पेन्सिल
सोमवार, रात्री १०:१०

जात्याची घरघर दोन वाटांनी येते, हवेतून आणि जमिनीतून. हवेतली हवीच आहे. जमिनीतली तोडा. फोन जमिनीवर ठेवू नका. जाड उशी दुमडून तिच्यावर ठेवा, आणि उशी एखाद्या खुर्चीवर. खुर्चीच्या पायांखाली पायपुसणं. एवढ्याने ती बरीच मरेल. आणि फोन आजींच्या तोंडाच्या उंचीवर, जात्यापासून लांबच्या बाजूला घ्या. ओवी वर, जातं खाली, असा तोल मिळेल.

---

ध्वनिवाट
सोमवार, रात्री १०:३०

तंबोऱ्याचं सांगतो. दुसऱ्या फोनवर तंबोरा लावा आणि त्याचा इअरफोन गाणाऱ्या बाईंच्या एकाच कानात द्या, दुसरा कान मोकळा. स्वतःचा आवाज खोलीत ऐकू आल्याशिवाय सूर धरता येत नाही.

सगळं एकाच फोनवर करायचं असेल तर पिन बघा. पिनवर तीन काळ्या रेघा असतील तर त्या इअरफोनला स्वतःचा माइक आहे, आणि तो जोडला की बरेच फोन आतला माइक बंद करून त्या वायरवरच्या माइकवर जातात. दोन रेघांची पिन म्हणजे निव्वळ ऐकण्याचा हेडफोन, तो चालतो. ब्लूटूथ या कामाला नकोच. त्यात आवाज उशिरा पोचतो, आणि फोन कानातल्या माइकवर गेला तर आवाज टेलिफोनसारखा होतो.

कुठला माइक चालू आहे अशी शंका आली की रेकॉर्डिंग चालू ठेवून प्रत्येक भोकाजवळ बोट हलकेच घासा. ज्याच्याशी काटा उडेल तो चालू. बहुतेक फोनमध्ये एक भोक खाली, एक वर, कधी कॅमेऱ्याजवळ तिसरं. व्हिडिओ घेताना पुष्कळदा वेगळा माइक चालू होतो, म्हणून व्हिडिओ घेणार असाल तर तो दुसऱ्या फोनवर घ्या. भोकात टाचणी मात्र घालू नका, आतला पडदा फाटतो. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडा.

---

नवशिका_४२२००९
मंगळवार, सकाळी ११:२५

मी कॉलेजात आहे, ऑडॅसिटी हे आवाज संपादनाचं सॉफ्टवेअर वापरतो, कॉम्प्युटरवर फुकट चालतं. ताई, फाइल पाठवलीत तर साफ करून देईन. नॉइज रिडक्शन पूर्ण लावलं की मागचं काहीच ऐकू येत नाही, स्टुडिओसारखं होतं. बांगड्या वाजतात, मध्ये कोणी खोकतं, तेही काढता येईल.

---

काळी_चार
मंगळवार, दुपारी २:४०

बाळा, मदत करायची इच्छा आहे हे फार छान. पण बांगड्या काढू नकोस. जातं फिरवताना बांगड्या वाजतातच, त्या ओवीच्या लयीत आहेत. श्वासही ठेव. त्या बाईंनी कुठे श्वास घेतला, शब्द कुठे तोडला, हे पुढे शिकणाऱ्याला त्यावरूनच कळणार.

---

ध्वनिवाट
मंगळवार, दुपारी ३:१५

सहमत. आणि नॉइज रिडक्शन पूर्ण लावलं तर फोनने जे केलं होतं तेच तू पुन्हा करशील. स्थिर सूर कापला जाईल, शेवटाला पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडा येईल. करायचंच तर एवढं कर: खालचा भाग ८० हर्ट्झपासून काप, म्हणजे पावलांची धमक, गाड्यांची घरघर जाईल. काळी चारचा षड्ज सुमारे २०८ हर्ट्झला असतो, मंद्र पंचम १५६ च्या जवळ, म्हणजे बाईंच्या आवाजाला धक्का लागत नाही. सरसर फारच असेल तर रिडक्शन ६ डेसिबल, त्यावर नाही. शेवटी सगळ्यात मोठी जागा काट्यावर उणे १ डेसिबलला येईल इतकं एकूण वाढव. मूळ फाइलला हात लावायचा नाही, हे सगळं प्रतीवर.

---

नवशिका_४२२००९
मंगळवार, दुपारी ३:५०

समजलं सर, मॅडम. मूळ फाइल तशीच ठेवून फक्त ८० ची कापणी करून दाखवतो. ताई, व्हॉट्सॲपवर पाठवा.

---

लॅमरोड
मंगळवार, सायंकाळी ५:०५

व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणूनच. ऑडिओ म्हणून पाठवल्यास आवाज दाबला जायची शक्यता असते. त्यातही एक प्रत ड्राइव्हवर आणि एक पेन ड्राइव्हवर. फोन हरवतो, पाण्यात पडतो.

---

मखमलाबादी
मंगळवार, सायंकाळी ७:२०

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या यात्रेत दिंड्या येतात, तिथलं भजन याच रीतीने घेता येईल का? बाहेर वाऱ्याचा त्रास फार होतो.

---

टाळकरी
मंगळवार, रात्री ८:००

वाऱ्याकडे आपली पाठ आणि फोन छातीशी. भोकावर पातळ सुती कापडाचा एकच पदर, रबराने बसवलेला. दिंडीसोबत चालत घेऊ नका. पुढे जाऊन एका जागी उभे राहा आणि दिंडीला तुमच्याजवळून जाऊ द्या. टाळांमुळे गेन खूपच खाली ठेवावा लागेल, ती एकच चाचणी आधी करा.

---

काळी_चार
मंगळवार, रात्री ९:१०

गोदातीर, एक विनंती. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या संशोधकांनी महाराष्ट्रभर फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या संग्रहात ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गावही आहे. तुम्हीही तसंच करा. रेकॉर्डिंग सुरू झालं की गाण्याआधी आजींनाच बोलू द्या: नाव, माहेरचं गाव, ओवी कोणाकडून शिकल्या. तो आवाज आणि ती माहिती एकाच फाइलमध्ये राहते, कागद हरवला तरी बिघडत नाही. फाइलच्या नावात गाव आणि तारीख घाला.

आणि इंटरनेटवर टाकण्यापूर्वी त्यांना आधी ऐकवा आणि विचारा. काही ओव्यांत सासरची, नवऱ्याची, लेकीची दुःखं असतात. ती घरात गायची की सगळ्यांपुढे, हे त्यांनीच ठरवायचं.

---

गोदातीर
मंगळवार, रात्री १०:०५

विचारलं आहे. दिंडोरीच्या आजींनी पाळणे आणि विठ्ठलाच्या ओव्या सगळ्यांना ऐकवायला सांगितल्या. माहेरच्या ओव्या फक्त नातींसाठी, त्या मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवल्या.

पेठच्या मावशींकडे येत्या गुरुवारी बसणार आहे. त्या जुन्या नाशकात भाचीच्या वाड्यात राहायला आल्यात आणि माजघर रिकामं आहे. पिंपळपार, तुमचं वाचून मीच चौकशी केली. गोधड्या तरीही नेते. अंबडलिंकरोड, तुमचा मुद्दा लक्षात आहे. मावशी गाताना पुष्कळ डोलतात, तेव्हा फोन त्यांच्या डोलण्याच्या मध्यावर ठेवून आधी एक चाचणी घेईन. तरीही आवाज आत-बाहेर होत असेल तर तुमच्याकडचा कॉलरचा माइक दोन दिवसांसाठी मिळेल का?

---

अंबडलिंकरोड
मंगळवार, रात्री १०:२०

नक्की. बुधवारी संध्याकाळी शालिमारला येतोय, तिथे देतो. तो लावून आणि न लावता एकच ओवी दोनदा घ्या, आणि दोन्ही फाइल इथे टाका. मलाही ऐकायचंय.